अंगठ्यापलीकडचं इंटरनेट

(मुकुटबन, जि. यवतमाळ येथील स्मृती व्याख्यानाचा मजकूर)



हे व्याख्यान गावातल्या एका शिक्षकाच्या स्मरणार्थ आहे. खेड्यातलं सार्वजनिक इंटरनेट आणि गावाची क्षमता हा विषय तुम्हीच सुचवलात. मी त्याची सुरुवात २०१७ च्या पावसाळ्यापासून करणार आहे. त्या पावसाळ्यात या जिल्ह्यात दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या आणि त्या एकमेकींशेजारी ठेवून आपण कधी पाहिल्या नाहीत.

जून २०१७ मध्ये राज्य सरकारनं छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. दीड लाखापर्यंतच्या थकीत कर्जाची माफी मिळणार होती, पण अर्ज ऑनलाइनच भरायचा होता. कुटुंबाची सगळी माहिती, नवरा-बायको दोघांचे आधार, बँकेचं खातं, कर्जाचा तपशील असं बरंच काही द्यायचं होतं. मुदत सप्टेंबरमध्ये संपणार होती. वावरातली कामं टाकून माणसं सेतू सुविधा केंद्रापुढे रांगेत बसली. कुठे सर्व्हर चालेना, कुठे लिंक तुटली, कुठे अंगठाच लागेना. आयुष्यभर कापूस वेचलेल्या, विळा-कुदळ धरलेल्या हाताच्या रेषा यंत्राला सापडत नाहीत. हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्याच आठवड्यांत याच जिल्ह्यात कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. हवा दमट, किडीचा जोर मोठा, बोंडअळीची धास्ती. फवारण्या वाढल्या. एका पंपात दोन-तीन औषधं मिसळून मारली जाऊ लागली आणि उंच झाडावर मारलेला फवारा परत माणसाच्या तोंडावर येऊ लागला. यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेनं २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं.

जिओची सेवा सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झाली होती. म्हणजे स्वस्त डेटा येऊन वर्ष होत आलं होतं. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. कोणतं औषध कशात मिसळू नये, किती उंचीच्या पिकात कशी फवारणी करावी, डब्यावरच्या तांबड्या त्रिकोणाचा अर्थ काय, ही माहिती तिथे होती. ती इंग्रजीतही होती आणि मराठीतही होती. तरी शेतकऱ्याला सल्ला मिळाला तो औषधाच्या दुकानातून, आणि मजुराला तोही मिळाला नाही.

माझं म्हणणं इतकंच आहे की त्या दोन महिन्यांत तारेतून माहिती एकाच दिशेनं वाहत होती. गावाकडून मुंबईकडे नाव गेलं, आधार क्रमांक गेला, खातं गेलं, अंगठा गेला. मुंबईहून, नागपूरहून, अकोल्याहून गावाकडे जे यायला हवं होतं ते आलं नाही. आपल्या खेड्यांत इंटरनेट आलं ते शासनाला गावाकडून माहिती घेण्यासाठी. गावाला शासनाकडून उत्तर घेता येईल अशी व्यवस्था आपण उभीच केली नाही. सार्वजनिक इंटरनेट आणि गावाची क्षमता हे दोन शब्द मी एकत्र घेतो ते या अर्थानं.

नुसती माहिती पोचली असती तर सगळे वाचले असते, असं मी म्हणत नाही. रोजानं फवारायला गेलेल्या मजुराला हातमोजे आणि मास्क हवा होता, आणि तो देणं कोणावर बंधनकारक आहे हे विचारण्याचं बळ हवं होतं. माहिती आणि ते बळ वेगळं काढता येत नाही. म्हणून मला फक्त टॉवरबद्दल बोलायचं नाही.

मुकुटबनमध्ये हे बोलण्याला कारण आहे. माजरी–आदिलाबाद रेल्वेमार्गावरचं हे गाव. पैनगंगा ओलांडली की तेलंगण. जमिनीखाली चुनखडी आहे, कोळसा आहे. वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना इथे २०२२ मध्ये सुरू झाला. आणि याच झरी जामणी तालुक्यात कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. कातकरी, माडिया आणि कोलाम हे महाराष्ट्रातले तीन विशेष दुर्बल आदिवासी समूह मानले जातात. इथल्या बाजारात उभ्या असलेल्या बहुतेकांच्या खिशात आज फोन आहे. म्हणून कोणी म्हणेल, आता सार्वजनिक केंद्राची गरज काय उरली? उलट गरज वाढली आहे, असं मला वाटतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः ई-पीक पाहणीत करायची. २०२५ च्या खरिपाआधी गारपीट झाली तर विमा कंपनीला ७२ तासांत कळवावं लागे. शेतकरी ओळख क्रमांक काढायचा. २०२५ च्या हंगामापासून सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, हमीभावानं कापूस घालायचा तर कपास किसान ॲपवर आधी नोंदणी करायची. रेशनची केवायसी, लाडक्या बहिणीची केवायसी. प्रत्येक कामात ओटीपी येतो, आणि ज्या नंबरवर येतो तो फोन पुण्याला कामाला गेलेल्या मुलाकडे असतो. खिशातला फोन अशा वेळी उपयोगी पडत नाही. विचारायला माणूस लागतो.

महाराष्ट्रानं हा प्रश्न फार लवकर हातात घेतला होता, हे आज विसरलं गेलं आहे. १९९८ साली वारणा खोऱ्यात 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. तात्यासाहेब कोऱ्यांनी उभ्या केलेल्या सहकाराचं ते क्षेत्र. कोल्हापूर-सांगली भागातल्या सुमारे ७० गावांसाठी ५४ संगणक केंद्रं. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या संस्था यांनी मिळून पैसा घातला. त्या केंद्रांतून शेतीसल्ला मिळेल, बाजारभाव कळतील, मुलं शिकतील, असं सांगितलं गेलं. प्रत्यक्षात शेतकरी तिथे येत ते आपल्या उसाचं वजन विचारायला, तोडीचा क्रम आणि खताची उधारी बघायला. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूतल्या संशोधकांनी सात गावांत त्याच संगणकांऐवजी साधे मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिले, आणि तेच काम कमी खर्चात झालं.

यावरून अनेकांनी निष्कर्ष काढला की वारणेचा प्रयोग फसला. मला तसं वाटत नाही. शेतकऱ्यानं तिथे सगळ्यात आधी काय मागितलं ते पाहा. त्यानं जगाचं ज्ञान मागितलं नाही, स्वतःचा हिशोब मागितला. कारखान्याच्या काट्यावर माझा ऊस किती भरला, हे मला माझ्या गावात, त्याच दिवशी कळलं पाहिजे. ज्याला आपला हिशोब कळतो तो पुढचा प्रश्न विचारतो. वारणेत तो पुढचा प्रश्न विचारायला शिकवणारं कोणी केंद्रावर नव्हतं. केंद्रावर बसलेला मुलगा नोंद करणारा होता.

त्याच वर्षी पुदुच्चेरीजवळच्या खेड्यांत वेगळ्या पद्धतीनं काम सुरू झालं होतं. ते डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या प्रतिष्ठानाचं. विदर्भात हमीभावाच्या प्रत्येक आंदोलनात ज्यांच्या आयोगाचं नाव घेतलं जातं, तेच स्वामिनाथन. तिथे अट अशी होती की गावानं मागणी करायची, जागा आणि वीज गावानं द्यायची, केंद्र सर्व जातींना खुलं ठेवायचं, आणि ते चालवणारी माणसं गावानंच निवडायची. निवडलेल्यांत बायका बऱ्याच होत्या. वीरमपट्टिनम या कोळ्यांच्या गावात केंद्रावरची माणसं अमेरिकी नौदलाच्या संकेतस्थळावरून समुद्रातल्या लाटांच्या उंचीचा अंदाज उतरवून घेत, तमिळमध्ये करत, आणि किनाऱ्यावर लावलेल्या भोंग्यावरून वाचून दाखवत. होडीवर जाणाऱ्याला संगणक कसा चालतो हे माहीत असण्याची गरज नव्हती. त्याच भागातल्या नल्लावाडू गावाला २६ डिसेंबर २००४ ला सिंगापूरहून गावच्याच एका मुलाचा फोन आला. त्सुनामीची बातमी केंद्राच्या भोंग्यावरून गावभर सांगितली गेली. घरं गेली, होड्या गेल्या, माणसं वाचली.

या भोंग्यापाशी मी थोडा थांबतो, कारण आपण नेमकं तेच केलं नाही. तो भोंगा त्या दिवसासाठी आणलेला नव्हता. रोज लाटा, रोज भाव, रोज बसची वेळ सांगून सांगून गावाला त्या आवाजावर विश्वास ठेवायची सवय झाली होती. संकटाच्या दिवशी त्या सवयीनं काम केलं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये यवतमाळच्या गावागावांत, ग्रामपंचायतीच्या किंवा देवळाच्या भोंग्यावरून, रोज संध्याकाळी पाच मिनिटं कोणी कपाशीबद्दल बोलत असतं तर? भोंगे होते. सेतूमध्ये संगणक होता. दोन्ही जोडणारा माणूस नव्हता, कारण तो कर्जमाफीचे अर्ज भरत होता.

त्या माणसाबद्दल बोललं पाहिजे. सेतू आला, मग महा ई-सेवा केंद्र आलं. २०११ मध्ये संग्राम आला, म्हणजे संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र, आणि ग्रामपंचायतीत संगणक परिचालक नेमले गेले. २०१६ पासून आपले सरकार सेवा केंद्र आलं. पाटी बदलत गेली, आत बसणारा बराचसा तोच राहिला. गावातला बारावी किंवा बीए झालेला मुलगा किंवा मुलगी, कंत्राटावर, अल्प मानधनावर, आणि तेही महिनोन्महिने थकलेलं. परिचालकांनी त्यासाठी कितीदा मोर्चे काढले, ते वर्तमानपत्रांत येऊन गेलं आहे. दुसरीकडे खासगी केंद्र चालवणाऱ्याला अर्जामागे पैसे मिळतात. एका विमा अर्जाला ठरावीक रक्कम, एका दाखल्याला ठरावीक रक्कम. मग तो जितके अर्ज भरेल तितकी त्याची कमाई. एखाद्या बाईला अर्ध्या तासात समजावून सांगणं, की हा अर्ज तुम्हाला लागूच नाही, दुसरा भरा, यात त्याचं नुकसान आहे. माणूस वाईट नसतो, पगाराची रीत त्याला घाई करायला लावते. मी हा या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा मानतो, आणि सरकारी परिपत्रकांत तो सापडत नाही. तिथे केबलची लांबी असते. राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला २०११ मध्ये मंजुरी मिळाली, २०१५ मध्ये त्याचं नाव भारतनेट झालं, अडीच लाख ग्रामपंचायती जोडायच्या ठरल्या. २०२० च्या डिसेंबरमध्ये पीएम-वाणी आली, म्हणजे जुन्या एसटीडी बूथसारखं कोणत्याही किराणा दुकानदाराला परवान्याशिवाय वायफाय विकता यावं. दोन्ही चांगलं आहे, व्हायला हवं. पण शिकवणाऱ्याचा पगार कोण देणार, याचं उत्तर त्यात नाही.

आपल्याच विदर्भात मेळघाटातलं हरिसाल देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत त्यावरून सभांमध्ये वाद झाला. एका बाजूनं काय बसवलं ते सांगितलं, दुसऱ्या बाजूनं काय बंद पडलं ते दाखवलं. तिथली कोरकू बाई आता स्वतः काय करू शकते, हे दोन्ही बाजूंनी विचारलं नाही.

शिकवण्याचा अनुभव आपल्याकडे नाही असंही नाही. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि काही वर्षांतच ती राज्यभर पसरली. त्यात वेगळा नोकरवर्ग नव्हता. शाळेचे शिक्षक, शिकलेली पोरं, गावचे पुढारी, सगळ्यांनी मिळून गावातल्या प्रौढांना अक्षर शिकवायचं आणि सगळं गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ करायचा. ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्या पिढीनं हे काम रात्री कंदिलाच्या उजेडात केलं. त्या मोहिमेत उणीव राहिली ती नंतरची. शिकलेलं वापरायला काही नसलं की अक्षर पुसलं जातं, आणि अनेक गावांत ते पुसलं गेलं. तरी तिचं मोजमाप गावाचं होतं, हे मला मोलाचं वाटतं. एक माणूस मागे राहिला तरी गाव अपुरं. याच्या शेजारी २०१७ चं प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान ठेवून पाहा. २० तासांचा अभ्यासक्रम, कुटुंबातली एकच व्यक्ती, ऑनलाइन परीक्षा, प्रमाणपत्र. देशभरात पावणेपाच कोटींहून अधिक प्रमाणपत्रं झाली. घरातून एकजण म्हटल्यावर बहुतेक घरांत तो एकजण कोण होतो, हे इथल्या बहिणींना ठाऊक आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के निघाल्या आणि पुरुष ५७ टक्के. गूगल आणि टाटा ट्रस्ट्स यांच्या इंटरनेट साथी कार्यक्रमात सायकलवर फोन घेऊन गावातलीच बाई दुसऱ्या बायांच्या दारात गेली. ती रीत मला जास्त पटते. ज्या ओट्यावर पुरुष बसलेले असतात तिथे बाईनं येऊन शिकावं, असं म्हणणं सोपं आहे, ते घडत नाही.

आणि पोडावर भाषेचा प्रश्न आहे. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा, तिची मराठीशी नातीगोती नाहीत. पोडावरच्या म्हाताऱ्या बाईसमोर मराठी ॲप आणि इंग्रजी ॲप यांत फारसा फरक नसतो. लिहून दाखवण्यापेक्षा बोलून सांगणं हा त्यावरचा उपाय आहे आणि तो कोणी करून दाखवला नाही असंही नाही. छत्तीसगडमध्ये २०१० पासून सीजीनेट स्वर चाललं. साध्या फोनवरून क्रमांक लावायचा, आपली तक्रार गोंडीत बोलायची, दुसऱ्यांनी बोललेलं ऐकायचं. हँडपंप बंद आहे, रोजगार हमीची मजुरी आली नाही, मास्तर येत नाही. ऐकणारे मग त्या त्या अधिकाऱ्याला फोन करत. कोलामीत असं केंद्र चालवायला परदेशातून कोणी यायला नको, पोडावरच्या दहावी झालेल्या दोन मुली पुरतात. त्यांना कामाचे पैसे मात्र मिळाले पाहिजेत. समाजकार्य म्हणून गरिबाकडूनच फुकट राबवून घेणं, याला माझा स्पष्ट विरोध आहे.

आता गावाच्या हिशोबाकडे येतो. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातलं चौथं कलम सांगतं की कार्यालयांनी न मागता माहिती उघड करावी. रोजगार हमीची हजेरीपत्रकं संकेतस्थळावर वर्षानुवर्षं उघडी आहेत. कोणत्या कामावर कोणाचं नाव, किती दिवस, किती पैसे, सगळं. एप्रिल २०२० पासून ई-ग्रामस्वराजवर ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च दिसतो. सातबारा महाभूलेखवर आहे. जे बघायला पूर्वी तलाठ्याच्या दारी हेलपाटे घालावे लागत, ते आता मुकुटबनमध्ये बसून बघता येतं. पण एकट्यानं बघून काय होतं? ज्यानं बघितलं तो एकटा पडतो, त्याला म्हणतात हा उगाच काड्या करतो. तेच ग्रामसभेत सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं गेलं, तर प्रश्न गावाचा होतो. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावानं अभ्यासगट चालवून, सगळ्यांच्या संमतीनं निर्णय घेत, २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. तिथे इंटरनेट नव्हतं, कागद वाचून दाखवणारी माणसं होती आणि ऐकून प्रश्न विचारणारं गाव होतं. मुकुटबनला कागद पडद्यावर आयता मिळतो आहे.

कधी कधी उत्तम सेवा म्हणजे केंद्रावर यावंच न लागणं, हेही शासनाला सांगितलं पाहिजे. डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली तेव्हा अर्जच ठेवला नव्हता. बँकांकडे कर्जाची माहिती होतीच. याद्या गावात लागल्या आणि शेतकऱ्याला एकदाच आधार जुळवायला जावं लागलं. २०१७ च्या रांगांतून शासन दोन वर्षांत इतकं शिकू शकलं. मग विम्याबद्दल, पीक पाहणीबद्दल, कापसाच्या नोंदणीबद्दलही शिकू शकतं. एकच माहिती एकाच शेतकऱ्याकडून चार खात्यांनी चारदा मागू नये, एवढी मागणी इथूनच लेखी गेली पाहिजे.

माझी सूचना नेमकी आहे. ग्रामसभा १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीला होतात. त्यातल्या पुढच्या सभेत एक ठराव घ्या. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानं राज्यात अनुदानित वाचनालयांचं जाळं उभं राहिलं, आज ती हजारोंच्या संख्येत आहेत. गावाच्या वाचनालयाची किंवा ग्रामपंचायतीची एक खोली संध्याकाळी सहा ते नऊ उघडी ठेवायची, कारण दिवसा माणसं वावरात असतात. तिथे दोन माणसं नेमायची, एक गावातली बाई, एक कोलामी बोलणारा किंवा बोलणारी. त्यांचं मानधन महिन्याचं ठरवायचं, अर्जावर नाही. पहिली काही वर्षं पैसा कारखान्याकडून मागा. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना सामाजिक कामासाठी नफ्याचे दोन टक्के खर्च करावे लागतात. त्यांना सांगा की आम्हाला नवी इमारत नको, उद्घाटनाची पाटी नको, या दोघांचा पगार द्या. नंतर तो ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून काढायचा, म्हणजे करवसुलीवर गावाचं लक्ष राहील.

त्या खोलीत एक जाड वही ठेवायची. जो कोणी येईल त्याचा प्रश्न तिच्यात लिहायचा. औषधाचा, विम्याचा, मजुरीचा, मुलीच्या शिष्यवृत्तीचा. उत्तर तिथेच मिळालं तर शेजारी उत्तर लिहायचं. नाही मिळालं तर तो तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, गटविकास अधिकाऱ्याकडे, तहसीलदाराकडे पाठवायचा. दाखल्याची किंवा सेवेची बाब असेल तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं तिची मुदत ठरलेली असते, ती तारीख घालायची. महिन्याच्या शेवटच्या बाजारच्या दिवशी वहीतली पानं भोंग्यावरून मराठीत आणि कोलामीत वाचायची, आणि ज्या प्रश्नाचं उत्तर आलेलं नाही तो कोणत्या कार्यालयात, किती दिवस पडून आहे, तेही वाचायचं.